हाड मोडले असावे अशी शंका येते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की अस्थिरोग विभागातील गर्दी वाढते. शेवाळलेल्या पायऱ्या, ओल्या फरश्या, निसरड्या पायवाटा आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या दुचाकी ही त्याची दरवर्षीची कारणे आहेत. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे याच विषयावरची असल्यामुळे त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : राजगड उतरताना माझ्या मुलीचा पाय मुरगळला. पायाची बोटे हलत होती, म्हणून बरोबरच्या मंडळींनी ‘मोडलेले नाही, नुसती लचक आहे’ असे ठरवले आणि ती दोघांच्या खांद्यांवर हात टाकून दीड तास चालत खाली आली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये बाहेरच्या घोट्याचे हाड मोडल्याचे दिसले. बोटे हलत असतानाही हाड मोडलेले असू शकते का? घरच्या माणसाने ते ओळखायचे कसे? – एक पालक, सातारा

उत्तर : असू शकते. ‘बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत आहे’ ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यामुळे माणसे मोडलेल्या पायावर मैलोगणती चालतात. पायाची बोटे हलवणारे मुख्य स्नायू पोटरीत आणि नडगीच्या बाजूला असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा घोट्यावरून पुढे बोटांपर्यंत गेलेल्या असतात. घोट्याचे हाड मोडले तरी या कंडरा तुटत नाहीत, त्यामुळे बोटे हलतच राहतात. मनगटाच्या बाबतीतही हेच खरे आहे. बोटे जरूर हलवून पाहावीत, पण त्यावरून रक्तपुरवठा आणि नसा (मज्जातंतू) यांची स्थिती कळते, हाडाची नव्हे.

घोट्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये एक साधी कसोटी मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. मार लागल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही रुग्णाला लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मधोमध हाडाचा एक टेंगळासारखा भाग हाताला लागतो. तिथे दाबल्यावर दुखणे हीसुद्धा तशीच खूण आहे. साध्या लचकेत बहुधा घोट्याच्या हाडाच्या पुढे-खाली, मऊ भागात जास्त दुखते, कारण ताणले गेलेले असतात ते अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडून ठेवणारे पट्टे. ही कसोटी मोठ्या माणसांसाठी आहे आणि ती पाय सरळ दिसत असेल तेव्हाचीच आहे. पाऊल वाकडे झालेले दिसत असेल तर एक पाऊलही टाकायला लावू नये.

इतर ठिकाणी पाहायचे ते असे : एकाच जागी बोट ठेवल्यावर उठणारी तीव्र कळ, झपाट्याने येणारी सूज, दुसऱ्या हातापायाशी तुलना केल्यावर जाणवणारा वाकडेपणा किंवा आखूडपणा, आणि तो अवयव वापरण्याचे रुग्णाने आपणहून टाळणे. पडताना ‘कट्’ असा आवाज आल्याचे रुग्ण सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवावा. हाडाची टोके एकमेकांवर घासतात का हे पाहण्यासाठी अवयव हलवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्यातून जे कळते ते एक्स-रेमध्ये कळणारच असते आणि तोवर आपण आतल्या नसा-रक्तवाहिन्या दुखावून बसतो. शंका असेल तर हाड मोडलेले आहे असे धरून चालावे. लचक निघाली तर काहीच बिघडत नाही.

काही वेळा एक्स-रेसुद्धा चकवतो. हातावर भार येऊन पडल्यावर मनगटातील नावेच्या आकाराचे एक छोटे हाड मोडते. अंगठा ताणून वर उचलला की मनगटाच्या कडेला दोन कंडरांच्या मध्ये जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ असूनही मनगटाला आधार देऊन ठेवावा लागतो आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. असे हाड दुर्लक्षिले गेले तर ते जुळून येत नाही आणि पुढे मनगट कायमचे दुखते.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू झोपाळ्यावरून पडला. कोपर सुजून टम्म झाले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाडवैद्याकडे जाण्याची पद्धत आहे. माझ्या सासऱ्यांचा हात हाडवैद्यानेच बसवला होता. मुलगा आणि सून मात्र नातवाला थेट रुग्णालयात घेऊन गेले आणि त्याच रात्री हाडात तारा घालण्याचे ऑपरेशन झाले. तेलाने चोळून, कामट्या बांधून तो बरा झाला नसता का? शिवाय निघताना मी त्याला हळद घातलेले दूध दिले, त्यावरून डॉक्टर नाराज झाले. – एक आजी, सिन्नर

उत्तर : आजी, आपल्या पत्रातील काळजी मला कळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये हात टेकून पडल्यावर कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडणे ही अगदी नेहमीची दुखापत आहे, आणि लहान मुलांच्या सगळ्या अस्थिभंगांत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती हिचीच. याचे कारण असे की संपूर्ण पंजाला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी आणि एक महत्त्वाची नस त्या हाडाच्या अगदी समोरून जाते. मोडलेल्या हाडाचे टोकदार तोंड पुढे सरकले तर ते थेट त्यांच्यावर येते. त्यात सूज वाढत असते. अशा कोपरावर कामट्या ठेवून कापड गच्च आवळले की आत वाढणाऱ्या सुजेला बाहेर यायला जागा राहत नाही, ती रक्तवाहिन्यांनाच दाबते, आणि रक्ताविना राहिलेले स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतात. मेलेल्या स्नायूंचा पुढे घट्ट दोर होतो आणि बोटे पंजासारखी आत वळून कायमची तशीच राहतात. रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये या विकृतीचा संबंध घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी जोडून दाखवला होता. दुर्दैवाने ती आजही आपल्या दवाखान्यांत दिसते.

काही वर्षांपूर्वी पाच वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर अशीच आणली गेली. पडून तिसरा दिवस होता. दंडापासून मनगटापर्यंत बांबूच्या कामट्या, वर अंड्याच्या बलकाचा आणि औषधी पाल्याचा वाळून कडक झालेला लेप. मी तिच्या मधल्या बोटाचे नख दाबून सोडले. ते पांढरे झाले आणि पांढरेच राहिले. बोट थंडगार होते. सगळ्यांत वाईट गोष्ट ही की ती रडत नव्हती. आईने सांगितले, ‘काल रात्रीपासून दुखायचे थांबले, म्हणून बरे वाटले.’ दुखायचे थांबले होते, कारण नस बधिर झाली होती. तिचा हात वाचला, पण बोटे पूर्ण उघडत नाहीत.

हाडवैद्यांच्या हातात कसब नसते असे मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये काम करणारे ह्यू ओवेन थॉमस, ज्यांना आधुनिक अस्थिशल्यशास्त्राच्या संस्थापकांत गणले जाते, ते वेल्समधील हाडवैद्यांच्याच घराण्यातले होते. त्यांचे वडील इव्हान थॉमस स्वतः हाडे बसवत, आणि त्यांनी आपल्या पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. बंध फार सैल असेल तर सांध्याला स्थैर्य येत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना आणि पाक (पू) होतो, असे तिथे स्पष्ट बजावले आहे. म्हणजे आवळून बांधू नये हे आपल्याच परंपरेचे सांगणे आहे. आपल्या सासऱ्यांच्या हाताचे हाड न सरकता मोडले असेल, आणि तसे हाड हलू दिले नाही की ते जुळून येते. पण हाड सरकले आहे की नाही आणि रक्तवाहिनी दबली आहे की नाही हे एक्स-रे आणि तपासणी यांशिवाय कळत नाही. तेलाने चोळणे तर कोपराच्या बाबतीत पूर्ण वर्ज्य समजावे, कारण त्यामुळे भोवतालच्या स्नायूंत नवे हाड तयार होते आणि कोपर आखडून जाते.

निघण्यापूर्वी करायचे ते इतकेच. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत उशीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवावा, कोपर सरळ करू नये आणि जबरदस्तीने वाकवूही नये. हातातील कडे, मनगटाचा दोरा, बांगड्या सूज वाढण्याआधी काढाव्यात. दर दहा-पंधरा मिनिटांनी बोटे पाहावीत : रंग गुलाबी आहे का, ऊब आहे का, स्पर्श कळतो का, आणि नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा लाली येते का. येत नसेल तर ही अतितातडीची अवस्था आहे हे रुग्णालयात शिरतानाच सांगावे.

दुधाचे म्हणाल तर डॉक्टरांची नाराजी भूल देण्यासंबंधी होती. भूल देताना पोटात अन्न असेल तर उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, त्यामुळे अन्न किंवा वरचे दूध घेतल्यापासून साधारण सहा तास थांबावे लागते. रक्तपुरवठा अडलेल्या हातासाठी हे सहा तास फार मोलाचे असतात. मार मोठा असेल तर चहा, दूध, बिस्किट यांपैकी काहीही देऊ नये. आपण प्रेमाने दिले, याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत प्रथमोपचार पेटी आहे, पण त्यात फळ्या नाहीत. मैदानावर मुलाचा हात किंवा पाय मोडला तर हाताशी असलेल्या वस्तूंनी आधार कसा द्यावा? – एक क्रीडाशिक्षक, कणकवली

उत्तर : फळी नसल्यामुळे अडून राहण्याचे कारण नाही. जाड मासिक किंवा वर्तमानपत्राची घट्ट घडी, पुठ्ठा, छत्री, लाकडी पट्टी यांपैकी काहीही चालते. नियम एकच सांभाळावा : मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलता कामा नयेत. मनगटाजवळचे हाड मोडले असेल तर मासिक पन्हाळीसारखे वाकवून त्यात टॉवेल अंथरावा आणि कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत हात त्यात ठेवावा. मोडलेल्या जागेच्या वर एक आणि खाली एक अशी पट्टी बांधावी, नेमक्या मोडलेल्या जागेवर बांधू नये, आणि गाठ कातडीवर न येता मासिकावर येईल असे पाहावे. मग हात गळ्यातल्या झोळीत घ्यावा. एक मीटर लांबी-रुंदीचे सुती कापड कर्णावर कापले की दोन झोळ्या होतात. अशा चार झोळ्या आपल्या पेटीत आजच ठेवून द्याव्यात. दंडाचे किंवा गळ्याच्या हाडाचे दुखणे असेल तर झोळीवरून आणखी एक रुंद पट्टी छातीभोवती घेऊन दंड अंगाशी बांधावा, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी तो हलणार नाही.

पाय मोडला असेल तर चांगला पाय हीच उत्तम फळी. दोन्ही पायांच्या मध्ये, मांड्या, गुडघे आणि घोटे यांच्या पोकळीत कापड भरावे, चांगला पाय दुखऱ्या पायाजवळ आणावा (दुखरा हलवू नये) आणि रुंद पट्ट्यांनी दोन्ही एकत्र बांधावेत. पावले इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पट्टी फिरवून बांधता येतात. बोट मोडले असेल तर मध्ये थोडा कापूस घालून शेजारच्या बोटाला बांधावे. बांधण्याआधी आणि बांधून झाल्यावर बोटांची तपासणी करावी. बांधल्यावर मुंग्या येऊ लागल्या किंवा बोटे फिकी पडली तर पट्टी लगेच सैल करावी. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, थेट कातडीवर ठेवू नये. रुग्णवाहिका दहा मिनिटांत येणार असेल तर हे बांधकाम करूच नये. मुलाला न हलवता हाताने आधार देऊन ठेवणे पुरेसे आहे.

प्रश्न : मी अमेरिकेत असते. पुण्यातील माझी 78 वर्षांची आई रात्री न्हाणीघरात पडली. शेजाऱ्यांनी उठवल्यावर ती धरून धरून पलंगापर्यंत आली आणि गुडघा दुखतो एवढेच म्हणाली. आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावून तीन दिवस वाट पाहिली, मग खुब्याचे हाड मोडल्याचे कळले. पुढे कुणाच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून विचारते, लक्षात काय यायला हवे होते? – एक मुलगी

उत्तर : वयस्कर माणूस पडला आणि त्यानंतर पायावर भार देताना दुखू लागले तर, दुखणे कुठेही सांगितले तरी, खुब्याचा एक्स-रे काढावा. खुब्याच्या दुखण्याची जाणीव पुष्कळदा जांघेत किंवा गुडघ्यात होते. म्हणून गुडघा तपासला जातो, तो ठीक निघतो, आणि दिवस वाया जातात. हाडाची टोके एकमेकांत रुतून बसली असतील तर रुग्ण काही पावले चालूही शकतो. हाड सरकले की मात्र खूण स्पष्ट असते : उताणे झोपल्यावर तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेले असते.

काखेत हात घालून उभे करणे ही आपल्या शेजाऱ्यांची चूक नव्हती, माणुसकीच होती. पण पडलेल्या वृद्धाला आधी जागीच राहू द्यावे, अंगावर पांघरूण घालावे, ‘कुठे दुखते, पाय उचलता येतो का’ हे विचारावे. येत नसेल तर चादरीवर सरकवून चार जणांनी चादरीसकट उचलावे. रुग्णालयात नेताना रोजच्या औषधांची यादी बरोबर न्यावी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण ऑपरेशनची वेळ त्यावरही ठरते. हे ऑपरेशन शक्यतो पहिल्या 48 तासांत व्हावे असा आज सर्वत्र प्रयत्न असतो, आणि ‘या वयात ऑपरेशन कशाला’ असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो की या वयात अंथरुणाला खिळून राहणे त्याहून धोक्याचे असते. न्यूमोनिया, पाठीवरची शय्याव्रणे आणि पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या वाट पाहत नाहीत. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले याचा अर्थ हाडे ठिसूळ झालेली आहेत. त्याची तपासणी आणि औषधे ऑपरेशननंतर न विसरता सुरू करावीत.

प्रश्न : महामार्गावर दुचाकीचा अपघात पाहिला. तरुणाची मांडी वाकडी झाली होती, जखमेतून हाड दिसत होते. मदत करावीशी वाटली, पण पोलिसांच्या चौकशीची भीती आणि काही चुकेल ही भीती, या दोन्हींमुळे मागे राहिलो. – एक वाचक, धुळे

उत्तर : पहिली भीती कायद्याने दूर केलेली आहे. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 134अ नुसार सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपली ओळख सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. 108 किंवा 112 ला फोन करावा.

दुसरी भीती रास्त आहे, तेव्हा क्रम सांगतो. आधी येणारी वाहने थांबवावीत. मग श्वास चालू आहे का ते पाहावे. हाडाकडे नंतर वळावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी, हाडाचे टोक दिसत असेल तर त्याच्या बाजूंनी दाबावे, ते आत ढकलू नये, त्यावर हळद, माती, कॉफी असे काही टाकू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपायांत बधिरपणा असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल तर मणक्याला मार आहे असे समजून डोके आणि धड एका रेषेत धरून ठेवावे, आणि श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नये. बसवून, दोघांच्या मध्ये दुचाकीवरून नेणे सर्वथा टाळावे.

मांडीचे हाड मोडले की, बाहेर जखम नसतानाही, आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. मोठ्या माणसाच्या अंगात सारे मिळून पाचएक लिटर असते. म्हणून असा रुग्ण फिका पडतो, घामेजतो, त्याची नाडी जलद होते. पाय स्थिर केल्याने हा रक्तस्राव कमी होतो. पहिल्या महायुद्धात ह्यू ओवेन थॉमस यांची लांब कडीची फळी जखमी सैनिकांना आघाडीवरच लावायला सुरुवात झाल्यावर मांडीच्या उघड्या अस्थिभंगातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांवरून 20 टक्क्यांच्या आत आले. त्या सैनिकांना ना आजची प्रतिजैविके मिळत होती, ना आजची शल्यगृहे. रस्त्यावर आपल्याकडे ती फळी नसते, पण दोन पाय एकत्र बांधण्यासाठी ओढणी किंवा उपरणे कुणाकडे तरी असतेच.

प्रश्न : मुलाच्या हाताला प्लास्टर घातले आहे. रात्री तो खूप रडला. किती दुखणे साधारण समजावे? आणि प्लास्टर कापण्याच्या करवतीची त्याला आतापासूनच भीती वाटते. – एक आई, मडगाव

उत्तर : पहिले दोन दिवस ठणका असतो, पण हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवल्यावर आणि डॉक्टरांनी दिलेले औषध घेतल्यावर तो उतरला पाहिजे. ठणका औषधाला न जुमानता वाढतच चालला असेल, मुलाची बोटे आपण हळूच सरळ करताच तो किंचाळत असेल, बोटे फिकी, निळसर किंवा बधिर होत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. प्लास्टर उभे चिरून सैल केल्याने हाड थोडे सरकले तर ते पुन्हा बसवता येते. रक्ताविना मेलेला स्नायू पुन्हा आणता येत नाही. खाज सुटते म्हणून आत विणकामाची सुई किंवा पट्टी घालू देऊ नये, जखम होऊन ती आतच चिघळते.

करवतीची भीती घालवणे सोपे आहे. तिचे पाते गोल फिरत नाही, ते जागच्या जागी थरथरते. कडक प्लास्टर त्याने कापले जाते, मऊ कातडी मात्र त्याच्याबरोबर हलते, म्हणून कापली जात नाही. मी मुलांसमोर ते पाते आधी माझ्या तळहाताला हलकेच टेकवून दाखवतो. आपल्या डॉक्टरांनाही तसे दाखवायला सांगावे.